व्हेर्दीच्या हातची प्रत समोर असताना संशोधकाला काम काय उरते?

पुण्यात पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: ‘भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध प्रती ताडून ठरवलेला पाठ, का केली हे कळते, कारण व्यासांच्या हातची पोथी कुणाजवळच नाही. पण रॉसिनी, दोनिझेत्ती, व्हेर्दी, पुच्चिनी ही मंडळी त्या मानाने कालपरवाची. त्यांच्या हस्ताक्षरातले स्कोअर, म्हणजे सगळ्या आवाजांची आणि वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी, जपून ठेवलेले आहेत. छापील प्रती आहेत, पत्रे आहेत. मग एकेका ऑपेराच्या चिकित्सक आवृत्तीवर विद्वान वर्षानुवर्षे काय करत बसतात? आणि व्हेर्दीच्या “नाबुक्को”तल्या “व्हा पेन्सिएरो” या समूहगीताला पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी ऑस्ट्रियन सत्तेच्या नाकावर टिच्चून वन्समोर घेतला, ही गोष्ट संशोधकांनी खोटी ठरवली म्हणतात, ते खरे का?’

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो. पहिला आधी घेतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्याच पद्धतीतून निघते.

हस्तलिखिते जपलेली आहेत हे खरे. मिलानमधल्या ब्रेरा राजवाड्यातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात रिकोर्दी या प्रकाशनसंस्थेचा जुना संग्रह आहे. ही संस्था १८०८ मध्ये जोव्हान्नी रिकोर्दी नावाच्या नक्कलकाराने काढली. व्हेर्दीच्या २८ ऑपेरांपैकी २३ ऑपेरांचे हस्तलिखित स्कोअर तिथे आहेत आणि ‘ला रोंदिने’ वगळता पुच्चिनीचेही. १९४३ मध्ये मिलानवर बॉम्ब पडले तेव्हा रिकोर्दीच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. हस्तलिखिते आधीच दुसरीकडे हलवली होती म्हणून वाचली. इतकी भरघोस सामग्री हाताशी असणे हे भाग्यच आहे. पण ती प्रत उघडली की अडचणी सुरू होतात.

व्हेर्दी आधी स्कोअरचा सांगाडा लिहायचा. गायकांच्या ओळी पूर्ण, सगळ्यात खाली बास, आणि मध्ये एखाद्या क्लॅरिनेटची किंवा व्हायोलिनची धून महत्त्वाची असेल तर तेवढीच. बाकीच्या ओळी कोऱ्या. ही पाने नक्कलकारांकडे जात, ते गायकांचे भाग उतरवून काढत, आणि गायक पाठांतराला लागत. वाद्यमेळ भरला जाई तो नंतर, बऱ्याचदा ज्या गावी प्रयोग व्हायचा तिथे पोचल्यावर, तालमी चालू असताना. त्यामुळे एकाच पानावर दोन वेळची शाई दिसते. गायकाला पहिल्या शाईतली ओळ आधीच दिलेली असे. नंतर व्हेर्दीने सूर खरवडून बदलला तर तो बदल गायकाच्या वहीत पोचला का, हे वही पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मोठ्या समूहप्रसंगात कागदावरच्या ओळी कमी पडत, तेव्हा ढोल, तुताऱ्या वगैरे वेगळ्या पानांवर लिहिल्या जात आणि ती पाने मूळ बाडातून सुटी होऊन भलतीकडे जात.

शिवाय घाई. संगीतकार एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका खंडात, पहिल्या व्हायोलिनवर तुटक वाजवण्याचे टिंब देतो, तेच सूर वाजवणाऱ्या बासरीवर जोडून वाजवण्याची कमान देतो, आणि चार बार पुढे तेच वाक्य आले की काहीच देत नाही. त्याला दोन वाद्यांत मुद्दाम फरक हवा होता, की हात पुढे धावला? सुरावर जोर देण्याची छोटी खूण आणि आवाज हळूहळू कमी करण्याची लांब खूण यांचा आकार एकच; लांबी किती हे लेखणीच्या झटक्यावर. एका अंकात असे शेकडो निर्णय असतात. ते घेणे आणि कोणता निर्णय कुठे व का घेतला हे टीपेत नोंदवणे, हे या कामाचे रोजचे स्वरूप आहे. कंटाळवाणे वाटेल, पण वाद्यमेळाचा श्वास इथेच ठरतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू. ‘रिगोलेत्तो’ ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात झाले. व्हिक्तोर ह्यूगोच्या ज्या नाटकावर ते बेतले आहे त्यात फ्रान्सचा राजाच व्यभिचारी दाखवला होता, त्यामुळे ऑस्ट्रियन अमलाखालच्या व्हेनिसमध्ये सेन्सॉरने ते आधी पुरते नाकारले. मग राजाचा मांतुआचा ड्यूक झाला आणि ‘शाप’ हे ठरलेले नाव बदलले. हे सगळ्यांना माहीत असते. पण तिसऱ्या अंकात ड्यूक मारेकऱ्याच्या खाणावळीत शिरतो आणि म्हणतो, ‘दोन गोष्टी, आणि लवकर.’ ‘कोणत्या?’ छापील प्रतींत पिढ्यान्‌पिढ्या उत्तर होते, ‘एक खोली आणि दारू.’ व्हेर्दीच्या हस्ताक्षरात उत्तर आहे, ‘तुझी बहीण आणि दारू.’ एका शब्दाने माणूस बदलतो. छापील पाठातला ड्यूक हा वाटसरू आहे. हस्तलिखितातला ड्यूक ज्या निर्लज्जपणाने मागणी करतो, त्याने बाहेर भिंतीआड उभ्या असलेल्या, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या जिल्दाच्या यातनेला वजन येते. व्हेर्दीच्या समग्र चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १९८३ मध्ये शिकागो विद्यापीठाची प्रकाशनसंस्था आणि रिकोर्दी यांनी मिळून काढला, तो ‘रिगोलेत्तो’चाच, मार्टिन चूसिड यांनी संपादलेला. त्यात ही ओळ जागेवर आली.

यावरून तुम्ही म्हणाल की हस्तलिखित घ्यावे आणि छापील प्रतीतल्या चुका दुरुस्त कराव्यात, झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेनिस वॉन या ऑस्ट्रेलियन संगीतदिग्दर्शकाने नेमके हेच म्हटले. व्हेर्दीच्या ‘फाल्स्ताफ’च्या हस्तलिखितात आणि छापील स्कोअरमध्ये २७,००० फरक आहेत असा त्याचा दावा होता. इटलीत केवढा तरी गदारोळ झाला. वॉनने एक मोठे काम केले: रिकोर्दीच्या छापील प्रती हा शेवटचा शब्द आहे, ही समजूत त्याने मोडली. पण त्याच्या मोजणीत एक गृहीत होते, की फरक म्हणजे चूक. ‘फाल्स्ताफ’ ९ फेब्रुवारी १८९३ ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाले. व्हेर्दी तालमींना हजर होता, मुद्रितांवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतींवर, हात फिरवत होता, प्रयोग सुरू झाल्यावरही त्याने जागा बदलल्या. यातले पुष्कळ बदल हस्तलिखितात परत नोंदवले गेलेच नाहीत. म्हणजे कित्येक ठिकाणी छापील पाठ हाच व्हेर्दीचा नंतरचा विचार आहे, आणि कित्येक ठिकाणी तो छापखान्यातल्या माणसाने सगळे एकसारखे दिसावे म्हणून केलेला नीटनेटकेपणा आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर. वेगळ्या काढायच्या तर मुद्रिते, पत्रे, वादकांच्या वह्या, सगळे लागते. १९६० नंतर जी संशोधनाची परंपरा उभी राहिली ती या वादाच्या धगीतून.

मुळात ऑपेरा प्रवास कसा करत असे ते ध्यानात घेतले पाहिजे. पियानोच्या साथीचा गायनपाठ विकत मिळे, पण पूर्ण स्कोअर विकला जात नसे; नाट्यगृहांनी वाद्यमेळाच्या वह्या प्रकाशकाकडून भाड्याने आणायच्या. कायद्याचे संरक्षण कच्चे असताना काही लोक गायनपाठ विकत घेत, त्यावरून वाद्यमेळ स्वतःच रचत आणि तो स्वस्तात पुरवत. खऱ्या वह्याही गावोगाव फिरून, त्या त्या मेळातल्या वादकांप्रमाणे बदलून परत येत. ‘इल बार्बिएरे दी सिव्हिलिया’ रोमच्या आर्जेंतिना नाट्यगृहात २० फेब्रुवारी १८१६ ला झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते जसे ऐकू येई, त्यात रॉसिनीने न लिहिलेली वाद्ये होती. नायिका रोझिनाची भूमिका त्याने खालच्या पट्टीच्या आवाजासाठी, जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी हिच्यासाठी लिहिली. पुढे ती सोप्रानोंनी, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकांनी, बळकावली आणि ‘उना व्होचे पोको फा’ ई मेजरमधून एफ मेजरमध्ये चढले. डॉक्टर बार्तोलोचे अवघड गाणे १८१६ मध्येच फ्लोरेन्सच्या गायकाला झेपले नाही, म्हणून पिएत्रो रोमानी याने दुसरे सोपे गाणे रचून दिले, आणि ते दीर्घकाळ रॉसिनीच्या ऑपेरात ठाण मांडून बसले. आल्बेर्तो झेद्दा यांनी बोलोन्यातले हस्तलिखित समोर ठेवून १९६९ मध्ये नवी आवृत्ती दिली. त्या आवृत्तीतले वाद्यकाम ऐकताना जुन्या चित्रावरची काजळी पुसल्यासारखे वाटते, एवढे मी खात्रीने सांगतो.

दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लाम्मेर्मूर’मधला वेडाचा प्रसंग तर प्रत्येक सोप्रानोची कसोटी समजला जातो. त्यात शेवटी आवाज आणि बासरी यांची जी लांबलचक जुगलबंदी आपण ध्वनिमुद्रणांत ऐकतो, ती दोनिझेत्तीने लिहिलेली नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, १८८९ च्या सुमारास पॅरिसमध्ये नेली मेल्बा हिच्या गाण्यातून रूढ झाली. आणि बासरी तरी कुठली? हस्तलिखितात आधी काचेच्या वाट्यांवर वाजणाऱ्या आर्मोनिका या वाद्याची ओळ आहे. १८३५ मध्ये नेपल्सच्या सान कार्लोमध्ये प्रयोग व्हायच्या आधी ती खोडून तेच काम बासरीला दिले आहे. पट्टीसुद्धा मूळची उंच आहे, एफ. आज सवयीने ई फ्लॅटमध्ये गातात. ते गारठलेले, कुठून येते ते न कळणारे काचेचे स्वर त्या मुलीच्या भ्रमाशी असे काही जुळतात की ते एकदा ऐकल्यावर बासरी फार शहाणी वाटू लागते. मग मूळ काय मानायचे? खोडलेले की खोडून लिहिलेले? नव्या आवृत्तीत दोन्ही असतात, आणि खोडण्यामागे काय कारण असावे याची चर्चा असते.

माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात थरारक गोष्ट ‘डॉन कार्लोस’ची आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो. पॅरिसच्या ऑपेराने मागणी केली म्हणून व्हेर्दीने हा पाच अंकी फ्रेंच ऑपेरा लिहिला. तालमी महिनोन्‌महिने चालल्या आणि लक्षात आले की खेळ फार लांबतोय. लवकर सुरू करावा तर पॅरिसकरांचे जेवण आड येते. उशिरा संपवावा तर उपनगरांकडे जाणारी शेवटची गाडी चुकते. तेव्हा ११ मार्च १८६७ च्या पहिल्या प्रयोगाआधीच मोठमोठे तुकडे कापले गेले. सुरुवातीचा फाँतेनब्लोच्या जंगलातला प्रवेश गेला. त्यात हिवाळ्याने आणि युद्धाने गांजलेले लाकूडतोडे व त्यांच्या बायका फ्रेंच राजकन्या एलिझाबेथपुढे आपले हाल सांगतात. पुढे त्याच अंकात ती मनातल्या तरुणाला, कार्लोसला, सोडून त्याच्या बापाशी, स्पेनच्या राजाशी, लग्नाला होकार देते, कारण त्या लग्नाने युद्ध थांबणार असते. लाकूडतोडे गेले की तिचा होकार राजघराण्यातला एक करार होऊन बसतो. ते असले की तो होकार या उपाशी माणसांसाठी दिलेला आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते.

ही पाने स्कोअरमधून काढून टाकली होती आणि शंभर वर्षे ती गेलीच असे धरले जाई. १९७० च्या आसपास डेव्हिड रोझेन आणि अँड्र्यू पोर्टर हे अभ्यासक पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयात गेले आणि त्यांनी वादकांच्या वह्या उघडल्या. वह्या कापण्याच्या आधी उतरवून झाल्या होत्या. पहिल्या प्रयोगाची घाई. शंभरभर वह्या नव्याने कोण लिहिणार? नक्कलकारांनी नको असलेली पाने दुमडून शिवली होती, कुठे चिकटवली होती. ती टाके उसवून उघडली, आणि व्हायोलिनची ओळ एका वहीतून, शिंगाची दुसऱ्या वहीतून, गायकांची तिसरीकडून अशी जमवत पोर्टर यांनी ते संगीत पुन्हा उभे केले. त्यात चौथ्या अंकात कार्लोसचा मित्र पोझा याच्या प्रेताशी राजा फिलिप आणि कार्लोस यांचा शोक आहे. तो वाजवून पाहणाऱ्याला चाल ओळखीची वाटली तर नवल नाही: १८७४ च्या ‘रेक्विएम’मधला ‘लाक्रिमोझा’ व्हेर्दीने याच शोकातून घडवला. कापलेले त्याने मनातून टाकले नव्हते.

इथे महाभारताच्या कामाशी असलेला फरक उघड होतो. भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांच्या शाखा लावून, उपलब्ध पुराव्याने जितके मागे जाता येईल तितक्या जुन्या पाठापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. नंतरची भर तळटीपांत आणि परिशिष्टांत गेली. ‘डॉन कार्लोस’ला ही रीत लावली तर फसगत होते. व्हेर्दीने स्वतः १८७२ मध्ये नेपल्ससाठी त्यात बदल केले, १८८४ मध्ये मिलानसाठी पहिला अंक काढून टाकून आणि पुष्कळ भाग नव्याने लिहून चार अंकी केला, आणि १८८६ मध्ये मोदेनाला पहिला अंक पुन्हा जोडलेला पाच अंकी प्रयोग झाला. सगळ्यात जुना पाठ घ्यावा तर त्यात १८८४ चे फिलिप आणि पोझा यांचे ते धारदार संभाषण नाही. सगळ्यात शेवटचा घ्यावा तर लाकूडतोडे नाहीत. हे सगळे पाठ व्हेर्दीचेच. संपादकाने त्यातून एकच ‘खरा’ निवडायचा नसतो. कोणता बदल कुणी, केव्हा, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या गायकासाठी किंवा कोणत्या सेन्सॉरमुळे केला हे त्याने इतके स्वच्छ मांडायचे की प्रयोग करणाऱ्याने उघड्या डोळ्यांनी निवड करावी. माझे सगळे म्हणणे यात आले.

निवड प्रयोग करणाऱ्याचीच, हे मी मुद्दाम म्हणतो, कारण चिकित्सक आवृत्ती म्हणजे पोलिसांचा हुकूम असे काही जण समजतात. ७ डिसेंबर २००० ला ला स्कालाच्या हंगामाच्या उद्घाटनाला रिक्कार्दो मूती यांनी ‘इल त्रोव्हातोरे’ केले, आणि ‘दी क्वेल्ला पिरा’च्या शेवटी टेनरने, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाने, परंपरेने घ्यायचा वरचा सी हा सूर घेऊ दिला नाही, कारण व्हेर्दीने तो लिहिलेला नाही. वरच्या गॅलरीतले जुने रसिक खवळले. व्हेर्दीने तो सूर लिहिलेला नाही हे शंभर टक्के खरे. पण त्या काळात गायकाने अशा जागी भर घालणे हे रीतीला धरूनच होते, हेही तितकेच खरे. माझ्या कानाला ते गाणे त्या सुरावाचून चालते, उलट लयीची धाव अखंड राहते. तरी एखाद्याने तो लावला तर त्याने व्हेर्दीचा अपमान केला असे मी म्हणणार नाही. संपूर्ण कडवे गाळून, गाणे अर्ध्या सुराने उतरवून, केवळ त्या एका सुरासाठी दम राखून ठेवणे मात्र मला खटकते. त्यात संगीत हरवते.

विसाव्या शतकाकडे यावे तर वाटते, आता सगळे छापील, आता सोपे. पुच्चिनीचे काम करणारे सांगतील की उलट आहे. पुच्चिनीचा गायनपाठ पूर्ण स्कोअरच्या आधी छापून येई, आणि पुच्चिनी प्रत्येक मोठ्या प्रयोगानंतर जागा बदले. प्रकाशक छपाईच्या जुन्याच कोरलेल्या पत्र्यांवर दुरुस्त्या करून पुन्हा छापत. त्यामुळे मुखपृष्ठ तेच, पत्र्याचा क्रमांक तोच, आणि आतले संगीत वेगळे, अशा प्रती बाजारात असतात. ‘मादाम बटरफ्लाय’ १७ फेब्रुवारी १९०४ ला ला स्कालामध्ये सपाटून पडले आणि एकाच प्रयोगानंतर मागे घेतले गेले. २८ मे रोजी ब्रेशियाला ते सुधारून उभे राहिले: लांबलेल्या दुसऱ्या अंकाचे दोन भाग झाले, बटरफ्लायला सोडून जाणाऱ्या अमेरिकन पिंकर्टनला ‘अद्दियो, फ्योरितो आझील’ हे पश्चात्तापाचे गाणे मिळाले. पुढे लंडन, अमेरिका आणि १९०६ च्या अखेरीस पॅरिस, दर ठिकाणी काही ना काही गळत गेले. आज रूढ असलेला पाठ पॅरिसच्या प्रयोगाशी जोडलेला आहे. पहिल्या पाठातला पिंकर्टन जपानी नोकरांची नावे विचारण्याऐवजी ‘पहिले थोबाड, दुसरे थोबाड, तिसरे थोबाड’ अशी हाक मारतो. त्याचा वंशद्वेष तिथे झाकलेला नाही, आणि त्यामुळे बटरफ्लायची श्रद्धा जास्त जीवघेणी होते. २०१६ मध्ये रिक्कार्दो शायी यांनी ला स्कालामध्ये तो पाठ पुन्हा केला. अंगावर येणारा आहे, तरी नाट्य म्हणून मला ब्रेशियाचा पाठ सगळ्यात पक्का वाटतो.

आता ‘व्हा पेन्सिएरो’. रूढ कथा अशी: ९ मार्च १८४२, ला स्काला, बाबिलोनच्या बंदिवासातले ज्यू हरवलेल्या मातृभूमीसाठी गातात, ऑस्ट्रियाच्या टाचेखालचे मिलानकर त्यात स्वतःला ओळखतात, वन्समोरला पोलिसांची बंदी असूनही ते गाणे पुन्हा गायला लावतात. संगीतसंशोधक रॉजर पार्कर यांनी ‘नाबुक्को’ची चिकित्सक आवृत्ती करताना त्या दिवसांची वर्तमानपत्रे तपासली. वन्समोर मिळाला होता, पण दुसऱ्याच समूहगीताला: शेवटच्या अंकातल्या ‘इम्मेन्सो येहोव्हा’ या प्रार्थनेला. ‘व्हा पेन्सिएरो’ने पहिल्या रात्री खळबळ माजवल्याचा समकालीन पुरावा मिळत नाही. उलट, ‘नाबुक्को’चा छापील गायनपाठ ऑस्ट्रियाच्या आर्चडचेस आदेलाइदे हिला अर्पण केलेला आहे, राजद्रोहाचे पत्रक कुणी राजघराण्याला अर्पण करत नाही.

मग कथा आली कुठून? थोडी व्हेर्दीकडूनच. १८७९ मध्ये, ऑपेराला जवळजवळ चार दशके झाल्यावर, त्याने जुलिओ रिकोर्दी यांना आपली हकीकत सांगितली: संहितेचे बाड टेबलावर फेकले आणि ते नेमके ‘व्हा पेन्सिएरो’च्या पानावर उघडले. याच हकिकतीत तो म्हणतो की आपली दोन मुले आणि बायको सुमारे दोन महिन्यांत गेली. नोंदी सांगतात की मुलगी ऑगस्ट १८३८ मध्ये, मुलगा ऑक्टोबर १८३९ मध्ये आणि पत्नी मार्गेरिता जून १८४० मध्ये वारली. दुःख खरे होते. म्हाताऱ्याच्या आठवणीत ते एकवटले. पण ज्या साक्षीत स्वतःच्या मुलांच्या मृत्यूच्या तारखा सरकतात, तीत बाड कुठल्या पानावर उघडले यावर किती भिस्त ठेवायची? देश एक झाल्यावर लोकांना मागे वळून एक प्रारंभक्षण हवा होता. १९०१ मध्ये व्हेर्दी गेला. महिन्याभराने त्याचे अवशेष त्याने उभारलेल्या वृद्ध कलावंतांच्या घरी नेले, तेव्हा संगीतदिग्दर्शक तोस्कानिनींनी शेकडो गायकांकडून हेच गीत गाऊन घेतले. त्या दिवशीचे त्याचे वजन पुढच्या पिढ्यांनी १८४२ वर टाकले.

तरी ‘सगळेच खोटे’ असा निकाल देऊ नका. शिकागोचे फिलिप गॉसेट यांनी पार्करांच्या मांडणीला हरकत घेतली आणि ती मला रास्त वाटते. १८४६ मध्ये पोप नववा पायस याने राजबंद्यांना माफी दिली तेव्हा व्हेर्दीच्या ‘एर्नानी’तल्या समूहगीताचे शब्द बदलून लोक त्याचे नाव घालून गात होते. जानेवारी १८४९ मध्ये रोममध्ये झालेला त्याचाच ‘ला बात्ताल्या दी लेन्यानो’ तर उघडउघड देशभक्तीचाच. समूहगीतातून आपले राजकारण ऐकण्याची सवय लोकांना लागत होती. सेन्सॉरची धास्ती उगाच नव्हती. फक्त ‘व्हा पेन्सिएरो’ आणि ९ मार्च १८४२ या दोघांची गाठ पुराव्यात नाही.

एका ठिकाणी मात्र मी संशोधकांच्याच विरोधात आहे. व्हेर्दीचा ‘उन बाल्लो इन मास्केरा’ आधी स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव्ह राजाच्या खुनावर बेतला होता. जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर ओर्सिनीने बॉम्ब टाकला, नेपल्सचा सेन्सॉर आणखी कडक झाला, प्रकरण कोर्टात गेले, आणि शेवटी १७ फेब्रुवारी १८५९ ला रोममध्ये प्रयोग झाला तो बोस्टनच्या गव्हर्नरच्या गोष्टीच्या रूपात. उरलेल्या खर्ड्यांवरून आधीचा पाठ रचून २००२ मध्ये गोथेनबर्गला ‘गुस्ताव्हो तेर्झो’ करण्यात आला. काम विद्वत्तेचे होते, मला त्यातून पुष्कळ शिकायला मिळाले. पण त्या पाठात व्हेर्दीने वाद्यमेळ पूर्ण केलेला नव्हता; रिकाम्या जागा दुसऱ्यांनी भरल्या. तो अभ्यासाचा प्रयोग म्हणून व्हावा, व्हेर्दीचा ऑपेरा म्हणून त्याची जाहिरात होऊ नये. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’बाबत निदान सगळ्यांना ठाऊक असते की १९२४ मध्ये पुच्चिनी गेला तेव्हा शेवट कच्च्या टिपणांतच होता, आणि आपण फ्रांको आल्फानोचा, तोही बहुधा तोस्कानिनींनी कापलेला, किंवा २००२ मधला लुचानो बेरिओचा शेवट ऐकतो आहोत.

तुम्हाला स्वतः हात घालून पाहायचे असेल तर मोठ्या ऑपेरापासून सुरुवात करू नका. ‘ला त्राव्हियाता’चे दोनच पाठ आहेत: मार्च १८५३ चा ला फेनीचेमधला, जो फसला, आणि मे १८५४ चा त्याच व्हेनिसमधल्या सान बेनेदेत्तो नाट्यगृहातला, जो गाजला. व्हेर्दीने त्या वेळी एका मित्राला पत्रात कळवले की काही पट्ट्या आणि काही सूर वगळता एकही तुकडा बदललेला नाही, सगळे गेल्या वर्षीचेच आहे. पाने वेगळे सांगतात: पाच तुकड्यांत त्याने खरोखर फेरफार केले. फाब्रीत्सिओ देल्ला सेता यांच्या चिकित्सक आवृत्तीत १८५३ चे रूप परिशिष्टात दिले आहे. त्यातले दुसऱ्या अंकातले व्हायोलेत्ता आणि जेर्मों यांचे द्वंद्वगीत काढा, दोन्ही रूपे पियानोवर शेजारी ठेवा, आणि आधी फक्त गायनओळ वाजवा. प्रत्येक फरकापुढे तीन रकाने करा: हा बदल गायिकेच्या आवाजासाठी आहे, नाट्यासाठी आहे, की सांगता येत नाही. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. ते झाले की वाद्यमेळाकडे वळा, आणि मगच संपादकाच्या टीपा वाचा.